पाळीव सापांवरील कीड आणि तिचें निर्मूलन

पाळलेला साप दोन दिवस आपल्या पाण्याच्या भांड्यांतच वेटोळें घालून बसला, तर घरांतील मंडळी बहुधा म्हणतात, "उन्हाळा आहे, त्यालाही गारवा हवासा वाटत असेल." तिसऱ्या दिवशीं कोणी तरी तें भांडें बदलावयास जातें आणि पाण्याच्या तळाशीं मिऱ्याची पूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. त्यांतला एक बोटावर घेऊन कागदावर चिरडला तर तांबडी रेघ उमटते. ती रेघ सापाच्या रक्ताची असते. तोंवर दुखणें दोन-तीन आठवड्यांचें झालेलें असतें, आणि त्या ठिपक्यांचीं भावंडें पेटीच्या सांध्यांत, झांकणाच्या खोबणींत व कदाचित् पेटीखालच्या सतरंजींतही जाऊन बसलेलीं असतात.

साप पाळणें ही गोष्टच मराठी घरांना चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. नागपंचमीला पाटावर गंधानें नाग काढावा, त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवावा आणि खरा नाग परसांत निघालाच तर सर्पमित्राला बोलावणें पाठवावें, एवढाच ह्या घरांचा सापाशीं संबंध. परंतु अमेरिका, इंग्लंड इत्यादि देशांत मांजर किंवा पोपट पाळावा त्याच सहजतेनें साप पाळतात, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेंही शेजारच्या मुलांचें पाहून तसा हट्ट धरतात. सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेले आजी-आजोबा नातवाच्या खोलींत पाऊल टाकतात तों समोर कांचेच्या पेटींत चार फुटांचा अजगर! पहिल्या आठवड्यांत त्या खोलीचें दार बंद ठेवण्याची विनंती होते. दुसऱ्या महिन्यांत तेच आजोबा सापाच्या जेवणाचा वार लक्षांत ठेवूं लागतात. भारतांत मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें नाग, धामण, अजगर असे देशी साप घरीं पाळतां येत नाहींत. परदेशी जातींपैकीं ज्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखालीं येतात, त्यांची नोंद सरकारकडे करावी लागते. त्याविषयीं २०२२ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली व २०२४ सालीं नियम निघाले. हौस करण्यापूर्वी हें पाहून घेतलेलें बरें.

घरोघर जो साप अधिक दिसतो तो बॉल पायथन. अजगराच्या कुळांतला हा लहानसा, बिनविषारी साप मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेचा. भ्याला म्हणजे डोकें मध्यें घेऊन चेंडूसारखा गोळा होऊन बसतो, म्हणून हें नांव. इंग्लंडांत त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. घाना, टोगो आणि बेनिन ह्या देशांतून असे साप फार मोठ्या संख्येनें परदेशीं गेले आहेत. लांबी तीन ते पांच फूट. आठ-पंधरा दिवसांतून एखादा उंदीर मिळाला कीं स्वारी संतुष्ट. नीट निगा राखली तर तो वीस-तीस वर्षें जगतो. सेंट लुइस येथील प्राणिसंग्रहालयांतल्या एका मादीनें तर साठी उलटल्यावर, २०२० सालीं, अंडीं घातलीं. दहा वर्षांच्या मुलानें आणलेला साप तो मुलगा बापमाणूस होईपर्यंत घरांत असावयाचा, ही गोष्ट पुढील सर्व खटाटोपाच्या मुळाशीं आहे. कारण हा दीर्घायुषी प्राणी खसखशीएवढ्या जीवामुळें, किंवा त्या जीवावर केलेल्या अविचारी उपायामुळें, एका महिन्यांत दगावूं शकतो.

हा जीव म्हणजे माइट. मराठींत त्याला स्वतंत्र नांव नाहीं, पण त्याचें गोत्र ओळखीचें आहे. गाईम्हशींची गोचीड, माणसाच्या खरजेचा सूक्ष्म किडा आणि भेंडी-वांग्याच्या पानांखालीं बारीक जाळें विणणारा शेतकऱ्याचा लाल कोळी हे सगळे त्याचे भाऊबंद. आठ पायांचे हे जीव खऱ्या अर्थानें कीटक नव्हतच. त्यांची गणना कोळी आणि विंचू ह्यांच्या वर्गांत होते. हा भेद केवळ पुस्तकी नाहीं. सहा पायांच्या किड्यांना मारणारीं कित्येक औषधें आठ पायांच्या ह्या मंडळींवर नीटशीं चालत नाहींत, आणि 'झुरळें मरतात त्या अर्थीं हेही मरतील' असा तर्क करून पुष्कळांची फसगत होते. सापावरील ह्या माइटला शास्त्रांत ऑफिओनिसस नॅट्रिसिस म्हणतात. पॉल झेर्व्हे ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८४४ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें.

तथापि ह्या जीवाचा दिनक्रम खऱ्या अर्थानें उलगडला तो जोसेफ कॅमिन नांवाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें. शिकागोच्या विज्ञान अकॅडमीतर्फे १९५३ सालीं प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध आजही ह्या विषयाचा पाया मानला जातो. (हाच कॅमिन पुढें कॅन्सस विद्यापीठांत असतां वर्गीकरणाच्या अभ्यासासाठीं कागदावर काल्पनिक प्राण्यांचें एक घराणेंच्या घराणें काढून ठेवून गेला. माइटसारखा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव पाहून शिणलेल्या माणसाला तो विरंगुळाच वाटला असावा.)

माइटच्या आयुष्याच्या पांच अवस्था आहेत आणि त्या नीट समजून घेतल्यावांचून कोणताही उपाय फळत नाहीं. मादी अंडीं घालते तीं सापाच्या अंगावर नव्हे, तर अंग सोडून, एखाद्या अंधाऱ्या, दमट भेगेंत. हवा गरम असेल तर साधारण दिवसाभरांत आणि थंड असेल तर चार दिवसांत अंडें फुटतें. त्यांतून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात; तें पांढुरकें, नाजूक असतें व कांहींही खात नाहीं. एक-दोन दिवसांत तें कात टाकतें, त्याला आठ पाय येतात आणि मग त्याला पहिली भूक लागते. ह्या तिसऱ्या अवस्थेंतील पोर सापाला शोधून काढतें, खवल्याखालीं शिरतें आणि तीन ते सात दिवस रक्त पितें. पोट भरलें कीं पुन्हां खालीं उतरून भेगेंत जातें, तेथें चौथी अवस्था दिवसभरांत उपाशीच काढतें आणि प्रौढ होऊन परत सापावर चढतें. प्रौढ मादी चार ते आठ दिवस रक्त पिते, उतरते, वीसएक अंडीं घालते, आणि पुन्हां जेवावयास वर येते. जन्मांत असें दोन-तीन वेळां होऊन एकेका मादीचीं साठ ते ऐंशी अंडीं होतात. सुमारें पंचवीस अंश सेल्सियसच्या उबेंत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा हा सगळा फेरा दोन-अडीच आठवड्यांत पुरा होतो.

ह्याहून अधिक विलक्षण गोष्ट अशी कीं, अंडीं फळण्यासाठीं नराची गरज लागतेच असें नाहीं. नराशीं संबंध न आलेल्या मादीच्या अंड्यांतून नर निपजतात, आणि मग त्यांच्याशींच संयोग होऊन पुढच्या खेपेस माद्याही जन्मतात. अर्थात् एकच मादी, कोणाच्या बाहीवर बसून घरांत आली, तरी वंश चालण्यास तेवढी पुरते.

आतां एक प्रश्न साहजिक उभा राहतो. रानांतल्या सापांनाही ही कीड लागत असेलच. मग रानांतले साप कसे जगतात? त्याचें उत्तर वरील हकीकतींतच आहे. रानांतला साप एका बिळांत फार काळ राहत नाहीं. आज वारुळांत, उद्यां उंदराच्या बिळांत, परवां झाडाच्या ढोलींत. मादीनें भेगेंत घातलेलीं अंडीं फुटून पिल्लें उपाशी पोटीं बाहेर येतात तों यजमान निघून गेलेला असतो. त्यांतलीं बहुतेक तशींच मरतात. कांचेच्या पेटींत मात्र यजमानाला जावयास जागाच नसते. चार हातांच्या जागेंत अंडीं आणि अन्न हीं कायमचीं कोंडलेलीं; त्यावर सापाच्या सुखासाठीं म्हणून माणूस तेथें उष्णता आणि ओलावा ह्यांची सोय करून ठेवतो, आणि सापाला जी ऊब व दमटपणा मानवतो तोच माइटलाही मानवतो. ह्याचा अर्थ असा कीं, रोग जितका सापाला झालेला असतो त्याहून अधिक पेटीला झालेला असतो. कोणत्याही क्षणीं माइटच्या एकूण प्रजेपैकीं मोठा भाग सापाच्या अंगावर नसून पेटींत असतो. सापाला चोळूनमोळून स्वच्छ करून त्याच पेटींत परत सोडणारा मनुष्य घाम गाळतो, पण कीड हटत नाहीं, ती ह्याच कारणानें.

रक्त किती जातें, असें कोणी विचारील. मोठ्या सापाला शंभर-दोनशे माइट कदाचित् जाणवणारही नाहींत. पण हजारोंनीं झाले म्हणजे मोठा सापही फिक्कट पडतो. त्याच्या तोंडांतील गुलाबी अस्तर पांढुरकें दिसूं लागतें. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला तर थोडकेच माइट मारावयास पुरेसे होतात. साप खाणें सोडतो, अस्वस्थपणें फिरत राहतो, पेटीच्या कडेला अंग घासतो. कात एकसंध न निघतां तुकड्या-तुकड्यांनीं निघते. रक्ताच्या नाशापेक्षांही वाईट म्हणजे एका सापाचा रोग दुसऱ्याला पोंचविणें. कॅमिननेंच १९४८ सालीं दाखवून दिलें कीं सापांचें रक्त नासविणारा एक घातक जंतु, ज्याला आज एरोमोनस हायड्रोफिला म्हणतात, तो माइटच्या चाव्यांतून एका सापापासून दुसऱ्यापर्यंत जातो. अजगर व बोआ ह्या कुळांना होणाऱ्या एका असाध्य मज्जारोगाचे विषाणू २०१२ सालीं ओळखले गेले. त्याच्याही प्रसारांत माइटचा हात असल्याचा संशय आहे, पण तो अद्याप सिद्ध झालेला नाहीं. म्हणून अनेक साप एकत्र असतात अशा ठिकाणीं, मग तें प्राणिसंग्रहालय असो, विषासाठीं साप बाळगणारी संस्था असो कीं हौशी माणसाची माडी असो, एका पेटींतली कीड सर्वांचा प्रश्न होते. माणसाला हे माइट चावतात. हातावर, कमरेशीं खाजरे तांबडे पुरळ उठतात. मात्र माणसाच्या अंगावर त्यांची वस्ती होत नाहीं, तेव्हां घरच्यांनीं अकारण घाबरून जाऊं नये.

कीड आहे कीं नाहीं हें पाहण्यास फार साधनें लागत नाहींत. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर कांचेसारखा पारदर्शक खवला बसविलेला असतो. ह्या खवल्याच्या कडेला जी बारीक खांच असते ती माइटची सर्वांत आवडती जागा. तेथें काळे मणी जडविल्यासारखे दिसले किंवा डोळ्याभोंवतालचे खवले उचललेले वाटले कीं समजावें. दुसरी जागा हनुवटीखालची उभी घडी. तिसरी गुदद्वाराचा खवला. अजगराच्या ओठांवर उष्णता जाणण्याच्या ज्या खांचा असतात, त्याही तपासाव्या. सापाच्या अंगावर राखेसारखे पांढरे कण दिसले तर ती माइटची विष्ठा असते. ओला पांढरा रुमाल मुठींत धरून त्यांतून साप हलकेच सरकूं द्यावा आणि मग तो रुमाल उजेडांत पाहावा. ह्या परीक्षेनें बहुधा शंका फिटते.

निर्मूलनाच्या कामांत क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम सापासाठीं तात्पुरती वेगळी जागा करावी: झांकणाला वायुछिद्रें असलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा, तळाशीं कोरा पांढरा कागद, लपण्यासाठीं पुठ्ठ्याचें खोकें आणि एक लहान पाणभांडें. ह्यांत सौंदर्य कांहीं नाहीं. पण पांढऱ्या कागदावर काळा ठिपका लगेच दिसतो, आणि कागद व खोकें रोज किंवा एक दिवसाआड फेकून देतां येतें. त्याबरोबर भेगा शोधून बसलेली प्रजाही जाते.

मग मूळ पेटी. आंतला भुसा, सालीचे तुकडे, शेवाळ हें सारें पिशवींत भरून, तोंड घट्ट बांधून, त्याच दिवशीं घराबाहेर टाकावें. हजार भोंकांचे सुंदर लाकडी ओंडके असतात, त्यांचा मोह सोडवत नाहीं. पण लाकडाच्या पोटांतलीं अंडीं धुण्यानें जात नाहींत. असा ओंडका टाकून तरी द्यावा किंवा चांगला तापवून आंतपर्यंत कोरडा करावा. पेटी कढत पाण्यानें व साबणानें घासावी. सांधे, खोबणी, बिजागरीच्या मागची जागा, झांकणाची खालची कड येथें उकळतें पाणी ओतावें किंवा वाफ सोडावी. कांच मात्र एकदम तापवून तडकूं देऊं नये. पुष्कळ लोक तळ घासून स्वच्छ करतात आणि झांकण विसरतात. पोट भरलेल्या माद्या वर चढून लपतात, तेव्हां झांकणाकडे लक्ष आधीं द्यावें. नंतर पेटी उन्हांत खडखडीत वाळवावी, कारण माइट आणि त्याचीं अंडीं दोन्ही कोरडेपणाला भितात. खोलींतील जमीन, फळ्या व भिंतीचे कोपरे झाडून पुसून घ्यावे. धूळ ओढणारें यंत्र वापरलें तर त्याची पिशवी लगेच बाहेर रिकामी करावी.

पेटी परत फळीवर ठेवतांना मराठी स्वयंपाकघरांतली एक जुनी युक्ति उपयोगी पडते. दुधाच्या कपाटाला मुंग्या लागूं नयेत म्हणून त्याच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवण्याची रीत होती. तशाच वाट्या, साबणाचे दोन थेंब टाकून, पेटीच्या स्टुलाखालीं ठेवल्या तर शेजारच्या पेटीकडे निघालेला माइट वाटेंतच बुडतो.

आतां साप. कोमट पाणी, तेंही सापाच्या पाठीपर्यंतच पोंचेल इतकें उथळ, डब्यांत घेऊन त्यांत त्याला अर्धा तास ठेवावा. पाणी हाताला ऊनही लागूं नये आणि गारही. ह्या वेळीं माणसानें समोरून उठूं नये. अशक्त साप बोटभर पाण्यांतही बुडतो. स्नानानें अंगावरचे पुष्कळ माइट मरतात, परंतु सगळे नव्हेत. साप डोकें पाण्याबाहेर ठेवतो आणि चतुर माइट डोक्याकडे धांव घेतात. म्हणून स्नानानंतर कापसाच्या बोळ्याला ऑलिव्हचें किंवा औषधी खनिज तेल किंचित् लावून डोळ्यांच्या कडा, हनुवटीची घडी आणि ओठ हळूवार पुसावे. तेलानें माइटचे श्वासमार्ग बुजतात व तो गुदमरतो. हा उपाय संथ, चिकट आणि कंटाळवाणा आहे. पण लहान पिल्लू, आजारी किंवा कात टाकण्याच्या बेतांत असलेला साप ह्यांच्यासाठीं ह्याच्याइतका निर्धोक दुसरा नाहीं.

येथवर विषाचें नांव आलें नाहीं, तें हेतुपुरस्सर. पेटी धुण्याआधींच औषधाची बाटली आणण्याची घाई बहुतेकांना होते, आणि साप दगावतात ते येथेंच. घरांत सहज सांपडणाऱ्या वस्तूंपासून आरंभ करूं. फिनेल, डांबराच्या गोळ्या, कापूर, रॉकेल, तंबाखूचें पाणी ह्यांपैकीं एकही सापाजवळ नेऊं नये. फिनेलच्या जातीचीं जंतुनाशकें सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी आहेत, आणि बंद पेटींत गोळ्यांची वाफ सापाच्या फुफ्फुसांतच जाते. 'कडुनिंब तो कडुनिंब, त्यानें काय होणार' म्हणून नुसतें निंबोळीचें तेल अंगभर चोपडणेंही शहाणपणाचें नाहीं.

एके काळीं परदेशांतील प्राणिसंग्रहालयांतही डायक्लोरव्हॉस नांवाच्या विषाच्या पट्ट्या पेट्यांजवळ टांगीत. माइट मरत, पण सापांनाही झटके येत, माना वांकड्या होत. भारतांत ह्या विषावर २०२० सालच्या अखेरीपासून बंदी आहे, आणि ती गेली ह्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं.

हल्लीं पशुवैद्य तीन औषधें प्रामुख्यानें वापरतात. परमेथ्रिन हें केवळ पेटीसाठीं. साप व पाणभांडें बाहेर काढून त्यासाठीं मुद्दाम तयार केलेला फवारा पेटींत मारावयाचा, तो पूर्ण वाळूं द्यावयाचा, वास गेला कीं मगच साप आंत. ओल्या फवाऱ्याशीं सापाचा संबंध येतां कामा नये. ज्या घरांत मांजर किंवा मत्स्यपेटी आहे त्यांनीं विशेष सावध राहावें, कारण हें औषध त्या दोघांना फार जहाल आहे. दुसरें फिप्रोनिल. कुत्र्याच्या गोचिडीवरचें हें औषध कापडावर घेऊन त्या कापडानें सापाला पुसतात. सापावर थेट फवारीत नाहींत, कारण त्यांतील स्पिरिट त्वचेला पोळतें. ससा पाळणाऱ्या घरीं मात्र हें औषध नको.

तिसरें आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातींतील एका जंतूपासून निघालेल्या ह्या औषधाच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल ह्यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. औषध थोर आहे आणि म्हणूनच धोक्याचें आहे. त्याची इंजेक्शनें गुरांसाठीं मिळतात. एक मिलिलिटरमध्यें दहा मिलिग्रॅम औषध असतें. सापाला एक किलोग्रॅम वजनास ०.२ मिलिग्रॅम एवढीच मात्रा सांगतात. म्हणजे दीड किलोच्या बॉल पायथनला ०.३ मिलिग्रॅम, अर्थात् त्या द्रवाचे ०.०३ मिलिलिटर. साधा एक थेंब ह्याहून मोठा असतो! गुरांची बाटली आणून अंदाजानें 'थोडेंसेंच' टोचणारा मनुष्य नकळत दहापट विष देऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशीं साप लुळा पडलेला पाहून कीड फारच वाढली होती अशी समजूत करून घेतो. बेतानें मात्रा देऊनही कांहीं साप दगावल्याचीं उदाहरणें आहेत. हें काम वजनकांटा, सौम्य द्रावण आणि सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याचें आहे. तें घरीं करूं नये. आणि त्याच खोलींत कासव असेल तर हें नांव देखील काढूं नये, कारण कासवाला आयव्हरमेक्टिन प्राणघातक ठरतें.

विषाची भीति वाटते त्यांच्यासाठीं कांट्यानें कांटा काढण्याचाही एक मार्ग आहे. स्ट्रॅटिओलेलॅप्स नांवाचा एक मातींतला माइट रोपवाटिकांत कीड खाण्यासाठीं विकत मिळतो. तो सापाला चावत नाहीं, पण सापाच्या माइटना व त्यांच्या अंड्यांना खातो, आणि खाद्य संपलें कीं स्वतःही संपतो. परंतु त्याला ओलसर माती लागते, वेळ लागतो, आणि पेटींत आधीं विष फवारलेलें असेल तर पहिला बळी त्याचाच जातो. म्हणजे दोन्ही मार्ग एकदम धरतां येत नाहींत. सापाची प्रकृति ढासळली असेल तर ह्या संथ शिपायावर विसंबून राहूं नये.

सर्वांत अधिक पराभव होतो तो आठव्या-दहाव्या दिवशीं. पहिल्या धुण्यानंतर साप तजेलदार दिसतो, कागद पांढरा राहतो, घरांत समाधान पसरतें. पण अंड्यांवर औषधें बहुधा चालत नाहींत. पहिल्या दिवशीं जें अंडें एखाद्या भेगेंत वांचलें, त्यांतलें पोर सातव्या दिवशीं रक्त पीत सापावर असतें. त्याला स्वतः अंडीं घालण्यास आणखी आठवडा तरी लागतो. ह्या मधल्या खिडकींतच त्याला गांठलें पाहिजे. म्हणून स्नान, तेल, पेटीची धुलाई हा सर्व प्रकार दर सातव्या दिवशीं, कांहीं दिसो वा न दिसो, निदान चार वेळां करावा. औषधाचा फेरा मात्र पशुवैद्य सांगेल त्या अंतरानेंच. रिकामी पेटी आठ दिवस बंद ठेवून कीड उपाशी मारूं, हा बेतही फसतो. भुकेलेले माइट कित्येक आठवडे तग धरतात. ह्या काळांत पेटींतील दमटपणा थोडा कमी ठेवावा, पण अगदीं शुष्कही करूं नये. तसें केल्यास साप कात टाकतांना अडतो आणि एक दुखणें जाऊन दुसरें येतें.

कीड घरांत आली कोठून, ह्याचा शोध घेतला तर बहुधा नव्या सापापाशीं येऊन थांबतो. बाजारांतून किंवा सापांच्या प्रदर्शनांतून आणलेला साप जुन्या सापांच्या खोलींत त्याच दिवशीं नेऊन ठेवतात. खरें पाहतां त्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलींत, पांढऱ्या कागदावर ठेवला पाहिजे, आणि रोजची साफसफाई आधीं जुन्या सापांची व शेवटीं नव्याची, अशा क्रमानें झाली पाहिजे. जुन्या पेट्या स्वस्तांत मिळतात. त्यांच्या सांध्यांतही हे पाहुणे येतात. प्रदर्शनांत दहा साप हाताळून आलेल्या मुलानें घरच्या सापाला हात लावण्यापूर्वी कपडे बदलावे व हात कोपरापर्यंत धुवावे.

शेवटचा माइट दिसल्यापासून सहा आठवडे कोरे गेले म्हणजे पेटींत पुन्हां भुसा आणि ढोली ठेवण्यास हरकत नाहीं. त्यानंतर सापानें टाकलेली पहिली कात फेकूं नये. ती पाण्यांत भिजवून सपाट पसरावी, खिडकीच्या उजेडांत धरावी आणि डोळ्यांवरचे दोन्ही कांचखवले तींत आले आहेत कीं नाहींत, त्यांच्या कडेला कांहीं काळें अडकलें आहे काय, तें बारकाईनें पाहावें.